तंगूस

मार्चचा दुसरा आठवडा. पाणी अजून गार,
डॉगवुडला नुसत्या कळ्या,
दुकानात गिऱ्हाईक एकच:
डेविट, पंधरा-सोळाचा, हातात थोरल्या भावाची रीळ.
"सगळ्यात मजबूत दोरा दे, व्हर्ना. तीस पौंडी."

कुठे टाकणार, विचारलं.
"तळ्यात."
तळं मोठंय, बाबा.
धरण झालं तेव्हा तीन वस्त्या बुडाल्या इथल्या,
त्यांची कुंपणं, त्यांचे ओक अजून उभे आहेत खाली.
ऑगस्टात शेंडे दिसतात.
बास तिथेच असतो, बुंध्याच्या सावलीत,
घरमालकासारखा,
कोण आलंय ते बघत.

आणि गळाला काय लावणार?
खिशातून निघाली लाकडी बेडकी,
एक डोळा पुसलेला, पोटावर दातांच्या खुणा.

मग वेणीचा दोरा नको.
वेणी जराही ताणत नाही,
माशानं तोंड मिटायच्या आत
त्याच्याच तोंडचा घास ओढून घेते.
फ्लोरोकार्बन बुडतो, बेडकीचं नाक धरून खाली नेईल.
तू साधा तंगूस ने.
एकच तंतू, पाण्यावर राहणारा,
ओढला की हातभर लांबणारा,
सोडला की बराचसा परत येणारा.
चौदा पौंडी. आठ घेतलास तर खोडाला घासून जाईल,
तीसवर तुझी बेडकी
दावणीच्या गुरासारखी चालेल.

"पण तुटला तर?"

मी डबा खाली ठेवला.
"शनिवारी क्लीट सुटतोय," तो म्हणाला, काउंटरकडे बघत.
अकरा महिने. कशासाठी ते गावाला ठाऊक आहे.
"मागच्या वेळी त्याच्याच हातून तुटला होता.
मी हसलो. मग त्या रात्री घरी..."
वाक्य तिथेच राहिलं. मीही नाही ओढलं.

तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात.
म्हणणाऱ्याला कधी मासा लागला होता?

जुना दोरा उतरवला.
काउंटरवर मोकळा सोडला तरी वेटोळी वेटोळीच,
जणू रीळ अजून आत आहे.
धंद्यात याला दोऱ्याची आठवण म्हणतात.
सुंभ जळतो, पीळ राहतो;
इथे तर जळलंही नव्हतं काही,
नुसता गॅरेजात, खिळ्याला, वर्षभर.

नवा भरला.
त्यानं डबा पेन्सिलीवर धरला, मी मूठ फिरवली,
दोन बोटांत ओलं फडकं.
काठोकाठ भरायचा नाही,
नाण्याच्या जाडीइतकी जागा ठेवायची.
मग गाठ: पाच वेढे, टोक फटीतून परत,
आणि आवळायच्या आधी थुंकी.
कोरडी गाठ आवळताना स्वतःच्याच घासण्यानं भाजते.
त्याला हसू आलं.
हस, पण थुंक.

सहा डॉलर नव्वद सेंट.
त्याच्याकडे सहा होते.
नव्वद वहीत लिहिले, वही मिटली.

तो गेल्यावर जुन्या दोऱ्याचे बोटभर तुकडे केले.
एका डिसेंबरात धक्क्याखाली बगळा सापडला होता मला,
पायाला वावभर
कुणाचा तरी शनिवार गुंडाळलेला.

सोमवारी घंटा वाजली.
डेविट. मागे क्लीट, केस बारीक कापलेले,
उंबऱ्यातच थांबलेला.
काउंटरवर रीळ, रिळावर गुंता,
पाखरानं घरटं बांधावं तसा.
"कुणाचं काम?"
दोघांची बोटं एकमेकांकडे.

मासा? तो कुणी विचारला नाही, कुणी सांगितला नाही.

मी खणातून कात्री काढली.
"थांब," क्लीट म्हणाला.
स्टूल खिडकीपाशी ओढलं,
उजेडाकडे रीळ धरली,
नखानं एक वेढा उचलला.
डेविट खाली फरशीवर बसला
आणि दुसरं टोक धरून राहिला,
सैल.